पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई (२३ एप्रिल, इ.स. १८५८ – ५ एप्रिल, इ.स. १९२२) या संस्कृत विदुषी, समाजसुधारक, लेखिका आणि बायबलच्या मराठी अनुवादक होत्या. देवाची इच्छा ओळखून त्याप्रमाणे वागणे हे त्यांच्या ख्रिस्ती जीवनाचे सूत्र होते. ती इच्छा आपल्या वतीने ठरविण्याचा अधिकार मात्र त्यांनी शास्त्रीमंडळींना दिला नाही, तसा चर्चच्या अधिकाऱ्यांनाही दिला नाही.

पूर्वायुष्य

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकविरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविले आणि पश्चिम घाटातील गंगामूळ येथे अरण्यात आश्रम वसविला. रमाबाईंचा जन्म तेथेच झाला. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थयात्रा करीत राहिले. १८७०च्या दशकातील दुष्काळात आई, वडील व थोरली बहीण यांचा मृत्यू झाला. व्रते, दाने आणि तीर्थस्नाने यथाविधी करूनही कुटुंब वाचले नाही, या अनुभवाने त्यांच्या श्रद्धेला हादरा बसला.

भाऊ श्रीनिवास यांच्यासह देशभर पायी भटकत त्या १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. स्त्रिया व शूद्र यांच्या मोक्षाविषयी धर्मग्रंथांत काय सांगितले आहे, हे त्यांनी तेथे अभ्यासले. त्यातून त्यांची अस्वस्थता वाढली. १८८० मध्ये भावाच्या निधनानंतर त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी नोंदणी विवाह केला. १८८२ मध्ये पती निवर्तले. कन्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली.

धर्मांतर व वाद

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील सेंट मेरी संघाच्या भगिनींकडे राहिल्या. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी या भगिनी चालवीत असलेले कार्य पाहून त्या प्रभावित झाल्या. योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचल्यावर, स्त्रीला पुरुषाइतकेच तारण देणारा देव आपल्याला सापडला, असे त्यांना वाटले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात त्यांच्यावर कठोर टीका झाली.

नव्या धर्मातही संघर्ष टळला नाही. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांनी तपासल्याविना स्वीकारला नाही. चेल्टनहॅम येथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, हा प्रश्न बिशपांपर्यंत गेला. ज्येष्ठांची आज्ञा पाळणे म्हणजेच देवाची आज्ञा पाळणे, अशी संघातील भगिनींची अपेक्षा होती. तर देवाने दिलेली सदसद्विवेकबुद्धी दुसऱ्याच्या स्वाधीन करता येत नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती.

शारदा सदन

१८८६ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या. त्यांच्या कार्याला दहा वर्षे साहाय्य देण्यासाठी १८८७ मध्ये बोस्टन येथे रमाबाई असोसिएशनची स्थापना झाली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढे ते पुण्यास हलविण्यात आले. धर्माबाबत तटस्थ राहण्याचे धोरण असले, तरी रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेत काही विद्यार्थिनी बसू लागल्या. त्यावरून वाद होऊन १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, रा. गो. भांडारकर आदी सल्लागारांनी राजीनामे दिले व अनेक मुलींना सदनातून काढून नेण्यात आले. सदन टिकविणे महत्त्वाचे असूनही प्रार्थनेचे दार बंद करणे रमाबाईंनी मान्य केले नाही.

याच सुमारास त्यांच्या श्रद्धेला वेगळे वळण मिळाले. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्ताशी नाते जोडले नाही, अशी जाणीव त्यांना बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी झाली. त्यानंतर बायबलवाचन व प्रार्थना यांच्या आधारे निर्णय घेण्याकडे त्यांचा कल वाढला.

मुक्ती मिशन

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. अन्नावाचून आप्त गमावलेल्या रमाबाईंना निराधार मुलींची सुटका करणे हे देवाने सोपविलेले काम वाटले. निधीची निश्चिती नसतानाही त्यांनी सुमारे ३०० मुली आणण्याचा संकल्प केला. पुण्यात प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना ठेवणे अशक्य झाल्याने पुणे जिल्ह्यातील केडगाव येथील शेतजमिनीवर वस्ती उभी राहिली. तेच मुक्ती मिशन होय. तेथे शिक्षणाबरोबर शेती, विणकाम व छपाई शिकविली जाई. १९०५ मध्ये तेथे मोठी धार्मिक जागृती झाली.

अखेरची वर्षे

सामान्य स्त्रियांना समजेल अशा मराठीत बायबल असावे, म्हणून रमाबाई हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांवरून अनुवाद केला. त्याची छपाई मुक्ती मिशनमधील स्त्रियांनी केली. १९२१ मध्ये कार्याची उत्तराधिकारी मानलेली मनोरमा वारली. तरीही रमाबाईंनी अनुवादाचे काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले. मुक्ती मिशनचे कार्य आजही सुरू आहे.