लंडनच्या पेपरात सूर्यनमस्कार पोचवणारा औंधचा राजा पुढे स्वतःचं राज्यच प्रजेला देऊन मोकळा झाला

सातारा आणि सांगली म्हटलं की तालीम आलीच. लाल माती, जोर, बैठका आणि पहाटेचा खुराक. या भागातून खाशाबा जाधवांसारखा मल्ल परदेशात गेला आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमधून कांस्यपदक घेऊन आला, हे सगळ्यांना माहिती असतं.

पण त्याच्या सोळा वर्षं आधी याच मातीतली आणखी एक गोष्ट साहेबाच्या देशात पोचली होती. ती नेणारा माणूस पैलवान नव्हता. तो एका संस्थानाचा राजा होता, वय होतं अडुसष्टच्या आसपास, आणि त्याने सोबत नेलेला व्यायाम होता सूर्यनमस्कार.

हे राजे म्हणजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. लोक त्यांना बाळासाहेब म्हणायचे.

औंध आज सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात येतं. डोंगरावर यमाईचं देऊळ आणि पायथ्याला गाव. संस्थान तसं लहानच, अवघ्या ७२ गावांचं. बरं, ती गावंही सलग नव्हती. काही साताऱ्यात, आटपाडी आणि कुंडल आजच्या सांगलीत, तर काही भाग आजच्या कर्नाटकात. मधे दुसऱ्यांचे मुलूख. तरीही या घराण्याला मोठा मान होता, कारण प्रतिनिधी हे मराठेशाहीतलं फार वरचं पद.

बाळासाहेबांचा जन्म १८६८ चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून बीए झालेले. चित्रकलेचं वेड, कीर्तनाची आवड. १९०९ मध्ये ते गादीवर आले.

आता विषय येतो व्यायामाचा. वाचून आश्चर्य वाटेल, पण बाळासाहेबांची सुरुवात सूर्यनमस्काराने झालीच नाही. त्या काळात युजेन सँडो या युरोपातल्या बलवानाचं नाव जगभर गाजत होतं. पिळदार शरीर कसं कमवायचं यावर त्याची पुस्तकं निघायची, डंबेल्स आणि इतर साधनं विकली जायची. बाळासाहेबांनी १८९७ मध्ये हे सगळं सामान मागवलं आणि जवळपास दहा वर्षं नेमाने सँडोच्या पद्धतीने व्यायाम केला.

मग बदल कशाने झाला? घरात वडील नमस्कार घालायचे, ते त्यांनी लहानपणापासून पाहिलं होतं. त्यात शेजारच्या मिरज संस्थानच्या अधिपतींनी त्यांना नमस्काराकडे वळायला सांगितलं. १९०८ च्या सुमारास बाळासाहेबांनी शिस्तीत नमस्कार घालायला सुरुवात केली आणि मग ते कधी सुटले नाहीत. रोज तीनशे नमस्कार हा त्यांचा नेम झाला.

नमस्कार घालणं ही गोष्ट त्यांनी शोधून काढलेली नव्हती. देवळात आणि तालमीत ती आधीपासून होतीच. बाळासाहेबांनी काय केलं, तर तिला एक ठरलेली रीत दिली. नमस्कार दहा अवस्थांत बांधला. आधी हात जोडून ताठ उभं राहायचं, मग गुडघे न वाकवता तळवे जमिनीला टेकवायचे, एक पाय मागे, मग दोन्ही पाय मागे, मग साष्टांग, मग छाती वर उचलायची आणि त्याच वाटेने परत उभं राहायचं. प्रत्येक अवस्थेत श्वास कसा घ्यायचा, कधी सोडायचा, बीजमंत्र कधी म्हणायचा, हे सगळं लिहून काढलं. त्यावर मराठीत आणि इंग्रजीत पुस्तकं काढली, सोबत फोटो दिले.

यामागे साधा हिशोब होता. सँडोच्या व्यायामाला साधनं लागायची, म्हणजे पैसे लागायचे. नमस्काराला माणसाच्या उंचीएवढी जागा पुरते. आटपाडीसारख्या दुष्काळी भागातल्या शेतकऱ्याच्या पोरालाही तो घालता येतो आणि राजवाड्यातल्या राणीलाही. बाळासाहेबांनी घरच्या बायकामुलांपासून सुरुवात केली आणि संस्थानातल्या शाळांमध्ये मुलामुलींना नमस्कार शिकवायला लावले. मुलींनी व्यायाम करायचा, ही गोष्ट त्या काळात अनेकांच्या पचनी पडणारी नव्हती.

१९३६ मध्ये बाळासाहेब इंग्लंडला गेले. तिथे न्यूज क्रॉनिकल या पेपरच्या पत्रकार लुईस मॉर्गन यांनी त्यांची गाठ घेतली. साठी कधीच ओलांडलेला हा राजा वयाच्या मानाने फार तरुण दिसतो, हे त्यांच्या नजरेत भरलं. त्याचं रहस्य काय, तर सूर्यनमस्कार. मॉर्गन यांनी पेपरात त्यावर लेखमाला लिहिली. लंडनमध्ये चहासोबत पेपर वाचणाऱ्या लोकांना औंधचा व्यायाम समजला तो असा.

पुढे १९३८ मध्ये लंडनच्या डेंट या प्रकाशन संस्थेने बाळासाहेबांचं पुस्तक इंग्रजीत काढलं. संपादन आणि प्रस्तावना मॉर्गन यांचीच. नावातच दहा कलमी आरोग्याचा मार्ग असं म्हटलेलं होतं. म्हणजे ज्या माणसाने तरुणपणी युरोपातून व्यायाम मागवला, त्यानेच चाळीस वर्षांनी आपला व्यायाम युरोपात पाठवला.

अर्थात, बाळासाहेबांचे सगळे दावे आज जसेच्या तसे घेता येत नाहीत. नमस्काराने जवळपास सगळे आजार दूर राहतात, असा त्यांचा विश्वास होता. त्याला आजच्या वैद्यकशास्त्राचा आधार नाही. पण नियमित व्यायामाने शरीर लवचीक राहतं, दम वाढतो, एवढं मात्र खरं. योगाच्या इतिहासाचे अभ्यासकही आज सांगतात की सूर्यनमस्काराला आधुनिक व्यायाम म्हणून रूप देण्यात औंधच्या या राजाचा मोठा वाटा आहे. जगभरातल्या योगवर्गांत आज साधारणपणे बारा आकड्यांचा नमस्कार शिकवला जातो, तो शिकणाऱ्या बहुतेकांना औंधचं नावही माहिती नसतं.

पण बाळासाहेबांची गोष्ट व्यायामावर संपत नाही. आपलं शरीर आपणच सांभाळायचं, त्यासाठी दुसऱ्यावर अवलंबून राहायचं नाही, हा नमस्कारामागचा विचार होता. हाच विचार त्यांनी राज्यकारभारालाही लावला.

त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब ऑक्सफर्डला शिकून बॅरिस्टर होऊन परतले होते. पोलंडहून आलेले इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन औंधच्या कामात ओढले गेले होते. त्यांच्या डोक्यात एक कल्पना होती. राजाने सत्ता सोडायची आणि गावांनी स्वतःचा कारभार स्वतः करायचा. बाळासाहेबांनी हो म्हटलं. १९३८ मध्ये घोषणा झाली. राज्यघटनेसाठी महात्मा गांधींचा सल्ला घेतला गेला आणि २१ जानेवारी १९३९ रोजी औंधमध्ये स्वराज्याची घटना लागू झाली. गावाने पंचायत निवडायची आणि त्यातून वरची सभा उभी राहायची, अशी रचना होती. बाकीचे संस्थानिक आपली गादी सांभाळायला धडपडत होते, त्या काळातली ही गोष्ट.

त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत सुरू झाली. तिथे कैद्यांना कोठडीत न डांबता शेतीवर ठेवलं गेलं, कुटुंबासोबत राहू दिलं गेलं. याच प्रयोगावरून पुढे १९५७ मध्ये व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा सिनेमा आला. कथा लिहिली होती ग. दि. माडगूळकरांनी, आणि ते याच औंध संस्थानातल्या मुलखात वाढलेले.

बाळासाहेबांची यादी लांबत जाते. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळ माळरानाची जमीन दिली, तिथे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या कामाला पाठबळ दिलं. १९३५ च्या इंदूरच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं. औंधला संग्रहालय बांधलं, जिथे राजा रविवर्म्याची चित्रं आणि हेन्री मूरचं शिल्प आजही पाहायला मिळतं.

१९४८ मध्ये औंध भारतात विलीन झालं. ७२ गावांचा स्वराज्याचा प्रयोग जेमतेम नऊ वर्षं चालला आणि नंतर जिल्ह्यांच्या नकाशात विरून गेला. १९५१ मध्ये बाळासाहेब गेले, तेव्हा ते ८२ वर्षांचे होते.

त्यांनी प्रजेला दोन गोष्टी दिल्या होत्या. सत्ता दिली, ती नऊ वर्षं टिकली. नमस्कार दिला, तो आज जगात कुठे ना कुठे रोज सकाळी घातला जातो.