नको असलेल्या नावाचे मानकरी : सर जॉर्ज एव्हरेस्ट

लोणी काळभोर (प्रतिनिधी) : लोणी काळभोरजवळचा रामदरा असो वा १,६४६ मीटर उंचीचे, राज्यातील सर्वोच्च कळसूबाई शिखर असो, ही नावे लोकांच्या बोलण्यातून रूढ झाली. जगातील सर्वोच्च शिखराचे प्रचलित नाव मात्र कागदोपत्री ठरले. विशेष म्हणजे ज्यांचे ते नाव, त्या सर जॉर्ज एव्हरेस्ट यांनीच त्यास हरकत घेतली होती.

४ जुलै १७९० रोजी जन्मलेले एव्हरेस्ट सोळाव्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीच्या तोफखान्यातील नोकरीसाठी भारतात आले. १८१८ मध्ये ते विल्यम लॅम्बटन यांचे सहायक झाले. लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रास येथून त्रिकोणमितीय सर्वेक्षणास प्रारंभ केला होता. हे काम उत्तरेकडे नेत असताना २० जानेवारी १८२३ रोजी विदर्भातील हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले आणि सर्वेक्षणाची धुरा एव्हरेस्ट यांच्याकडे आली.

प्रकृती ढासळल्याने १८२५ मध्ये ते मायदेशी गेले. १८३० मध्ये नवी, अधिक अचूक उपकरणे घेऊन ते भारताचे महासर्वेक्षक म्हणून परतले. कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंतची, सुमारे २,४०० किलोमीटर लांबीची मोजणी १८४१ मध्ये पूर्ण झाली. १८४३ मध्ये ते निवृत्त झाले.

‘शिखर क्रमांक १५’ची निरीक्षणे त्यानंतरची. नेपाळमध्ये प्रवेश नसल्याने ती दूरच्या मैदानी प्रदेशातून घेण्यात आली. एव्हरेस्ट यांनीच १८३१ मध्ये सेवेत घेतलेले बंगाली गणिती राधानाथ सिकदार यांच्या आकडेमोडीतून हे शिखर सर्वोच्च असल्याचे स्पष्ट झाले. १८५६ मध्ये २९,००२ फूट ही उंची जाहीर करताना महासर्वेक्षक अँड्र्यू वॉ यांनी, स्थानिक नाव आढळत नसल्याचे कारण देऊन, आपल्या पूर्वाधिकाऱ्यांचे नाव सुचविले.

वास्तविक तिबेटी लोक या शिखरास चोमोलुंग्मा म्हणत. शक्यतो स्थानिक नावेच वापरावीत, हा सर्वेक्षण खात्याचा शिरस्ताही होता. आपले नाव येथील लोकांना उच्चारता येणार नाही व हिंदीत लिहिता येणार नाही, असा आक्षेप एव्हरेस्ट यांनी घेतला. तरीही लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८६५ मध्ये तेच नाव कायम केले. १ डिसेंबर १८६६ रोजी एव्हरेस्ट यांचे निधन झाले.

पुढे नेपाळने या शिखरास सागरमाथा हे नाव दिले. डिसेंबर २०२० मध्ये नेपाळ व चीनने ८,८४८.८६ मीटर ही सुधारित उंची संयुक्तपणे जाहीर केली, तेव्हा दोन्ही देशांनी आपापलीच नावे वापरली.