तंजावरचे नारायणस्वामी अप्पा

दक्षिणेतील मृदंग म्हटला की पालघाट मणी अय्यर (१९१२–१९८१) यांचे नाव प्रथम ओठांवर येते. परंतु या वादनाला वळण लावणाऱ्या आधीच्या पिढ्यांत तंजावरचे एक मराठी गृहस्थ अग्रभागी होते, हे आपल्याकडे थोड्यांनाच ठाऊक असते. म्हणून हा लेखनप्रपंच.

१८५५ साली इंग्रजांनी तंजावरच्या भोसल्यांचे राज्य संपुष्टात आणले. राजाश्रय आटला, तरी तेथील भजन-कीर्तन थांबले नाही. अप्पा याच परंपरेतले. महावैद्यनाथ अय्यर यांच्या गायनाला आणि कृष्ण भागवतर यांच्या हरिकथेला त्यांनी साथ केली. भागवतरांच्या हरिकथेवर मराठी कीर्तनाचा ठसा होता, हेही ध्यानात घ्यावे.

पुदुक्कोट्टैचे मान्पूंडिया पिळ्ळै खंजिरी घेऊन तंजावरास आले, तेव्हा या लहानशा वाद्याला मैफलीत मान द्यायला पुष्कळजण राजी नव्हते. अप्पांनी मात्र त्यांना ऐकले आणि मोकळ्या मनाने दाद दिली, असे जुनी मंडळी सांगत आली आहेत. मला अप्पांचे मोठेपण इथेच दिसते. आपले आसन पक्के झाल्यावर नवख्याला शेजारी बसवून घेणे सोपे नसते.

तो काळ ध्वनिमुद्रण रूढ होण्यापूर्वीचा. त्यामुळे अप्पांची विद्या उरली ती पुढच्यांच्या बोटांत. ती बोटे बहुतांशी तमिळ होती. ताल मात्र कोणत्याच भाषेचा नव्हता. मराठी आणि कानडी शेजारी नांदणाऱ्या आपल्या अंकात या नावाला जागा हवी, असे मला वाटते.