सुभेदार रामजी आंबेडकर : पलटणीतून घरी आले ते शाळा घेऊनच!

कासू (ता. पेण) : गावात फौजी रिटायर होऊन आला की आजही सगळी आळी जमा होते. हायवेवर नाहीतर स्टेशनवर माणसं घ्यायला जातात, हार घालतात, ढोल वाजतो. चार दिवस कौतुक होतं आणि मग खरा प्रश्न उभा राहतो, आता पुढे काय? पेन्शन किती, पोरांच्या शिक्षणाचं काय, दुसरी नोकरी बघायची का? सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याच कोकणातल्या एका सुभेदारापुढे हाच प्रश्न होता. त्यांचं नाव रामजी मालोजी सकपाळ. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील म्हणून त्यांना सगळे ओळखतात. पण सुभेदार म्हणून आणि पेन्शनर बाप म्हणून त्यांनी काय केलं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. २ फेब्रुवारी हा त्यांचा स्मृतिदिन.

खाडीपलीकडचं गाव

रामजींचं मूळ गाव आंबडवे, तालुका मंडणगड, जिल्हा रत्नागिरी. आपल्या श्रीवर्धनकडून बाणकोटची खाडी ओलांडली की मंडणगड तालुका लागतो. म्हणजे रायगडच्या माणसाला हे गाव काही लांबचं नाही. रामजींचे वडील मालोजीही फौजेत होते. घर महार समाजातलं आणि कबीरपंथी. दारू-मटणाला घरात थारा नव्हता, भजन आणि पोथी मात्र रोजची.

त्या काळी मुंबई इलाख्याच्या फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगाव भीमाच्या लढाईतही त्यांची नोंद सापडते. गावात ज्याला पाणवठ्यावर येऊ देत नव्हते, त्याच्या हातात पलटणीत बंदूक होती, अंगावर वर्दी होती, पुढे बढती होती. मालोजींच्या मागोमाग रामजीही १८६६ च्या सुमारास भरती झाले. पलटण होती सॅपर्स अँड मायनर्सची. रस्ते, पूल, खंदक ही कामं करणारी ही पलटण. सासरे मुरबाडकर, ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडकडचे. तेही फौजेत सुभेदार. त्यांची मुलगी भीमाबाई रामजींच्या घरी आली. म्हणजे माहेर फौजी आणि सासरही फौजी.

बंदुकीपेक्षा पाटी मोठी

फौजेत आणखी एक गोष्ट होती आणि तिनेच या घराचं नशीब पालटलं. शिपायांच्या मुलांसाठी, मुलींसाठीसुद्धा, पलटणीत शाळा असायची आणि तिथे शिकणं सक्तीचं असायचं. गावच्या शाळेत ज्यांना उंबऱ्याच्या आत घेत नव्हते, त्यांच्या घरातल्या बायकाही त्यामुळे वाचायला शिकल्या.

रामजी मुळात हुशार. पुण्याच्या पंतोजी शाळेत त्यांनी शिक्षकाचं शिक्षण घेतलं आणि पुढे लष्करी शाळेत मास्तर, मग हेडमास्तर झाले. ही हेडमास्तरकी त्यांनी चौदा वर्षं केली. बढती मिळत मिळत सुभेदार झाले. मराठी पक्की आणि इंग्रजीही चांगली.

पलटण जाईल तिकडे घर जायचं. मध्य प्रदेशातल्या महूला असताना १४ एप्रिल १८९१ रोजी भीमाबाईंना चौदावं अपत्य झालं. नाव भीमराव, घरात भिवा. चौदा पोरांतली बरीचशी लहानपणीच गेली. जगलेल्या मुलग्यांत बाळाराम, आनंदराव आणि सगळ्यात धाकटा भिवा.

दार बंद झालं

भिवा पाळण्यात असतानाच इकडे फौजेत मोठा बदल झाला. १८५७ नंतर इंग्रज सरकारचं डोकं वेगळ्या दिशेने चालू लागलं होतं. अमुक जाती लढाऊ, तमुक जाती लढाऊ नाहीत, अशी वर्गवारी सुरू झाली. १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद करण्यात आली. ज्यांच्या तीन-तीन पिढ्या फौजेत गेल्या, त्यांच्या पोरांना एका हुकुमाने दरवाजा लागला.

आज भरतीची वयोमर्यादा किंवा नियम बदलला की गावागावातली पोरं हवालदिल होतात. इथे तर आख्ख्या समाजाचीच भरती थांबली होती. नोकरी गेली, पगार गेला हे एक झालं. पण भरतीबरोबर पलटणीतली शाळाही गेली. पुढची पिढी शिकणार कुठे?

सुभेदार रामजी गप्प बसले नाहीत. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या मदतीने त्यांनी सरकारकडे भरतीबंदीविरुद्ध अर्ज केला. त्याच काळात आपल्या महाड तालुक्यातल्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हेही असेच फौजेतून १८८६ साली निवृत्त होऊन दापोलीत राहिले होते. त्यांनी १८८८ साली अस्पृश्यतेविरुद्ध विटाळ विध्वंसन हे पुस्तक लिहिलं, १८९४ साली भरतीबंदीविरुद्ध अर्ज तयार केला आणि १८९५ साली महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. कोकणातले हे पेन्शनर नुसते ओटीवर बसून पान खाणारे नव्हते. अर्ज लिहीत होते, सभा घेत होते. सरकारने तेव्हा काही दाद दिली नाही. पण मागणी कागदावर आली.

पेन्शन आणि दापोली

१८९४ च्या सुमारास रामजी निवृत्त झाले आणि कुटुंब कोकणात आलं. मुक्काम दापोली. दापोलीला लष्कराचा जुना कॅम्प, त्यामुळे तिथे पेन्शनर शिपायांची वस्तीच होती. घरी परतल्याचा आनंद होता, पण पलटणीतलं जग आणि गावातलं जग यांतला फरक इथे रोज टोचायचा. ज्या माणसाला कालपर्यंत जवान सॅल्यूट ठोकत होते, त्याच्या पोरांना आता शाळेत दाखल करतानाही अडचण. बाळाराम आणि आनंदराव शिकायच्या वयाचे, भिवा त्यांच्या पाठोपाठ.

नुसत्या पेन्शनीवर एवढं घर चालेना, म्हणून रामजींनी दुसरी नोकरी शोधली आणि कुटुंब साताऱ्याला गेलं. तिथे १८९६ साली भीमाबाई वारल्या. भिवा तेव्हा पाच वर्षांचा. पाठीला बाक असलेली आत्या, मीराबाई, हिने पोरांना सांभाळलं. काही वर्षांनी रामजींनी जिजाबाईंशी दुसरं लग्न केलं. धाकट्या भिवाला ते काही रुचलं नाही.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात नाव दाखल झालं, भिवा रामजी आंबेडकर. तोच दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो.

बापाला भेटायला निघालेली पोरं

पुढे रामजींना खटाव तालुक्यातल्या गोरेगावला कॅशियरचं काम मिळालं. (हे आपल्या माणगावजवळचं गोरेगाव नव्हे.) दुष्काळी लोकांना काम मिळावं म्हणून सरकार तिथे तलाव बांधत होतं. पोरं साताऱ्यातच. १९०१ साली उन्हाळ्याच्या सुट्टीत बापाने पोरांना बोलावून घेतलं. भिवा, मोठा भाऊ आणि मोठ्या बहिणीचे दोन मुलगे निघाले. नवे कपडे शिवले, जरीच्या टोप्या, नवे बूट. आगगाडीत बसायला मिळणार म्हणून पोरं हरखून गेली होती.

मसूर स्टेशनवर उतरली तर घ्यायला कोणी नाही. पोरांनी पाठवलेलं पत्र रामजींच्या नोकराने त्यांना दिलंच नव्हतं. स्टेशनमास्तर आधी गोड बोलला. पोरांनी जात सांगितली आणि त्याचा चेहराच बदलला. बाहेर बैलगाड्या भरपूर, पण दुप्पट भाडं देतो म्हटलं तरी कोणी गाडीवान यांना बसवायला तयार होईना. शेवटी तोडगा निघाला तो असा की भाडं दुप्पट आणि गाडी पोरांनी स्वतः हाकायची. गाडीवान बाजूने चालणार!

रात्र पडली. शिदोरी बरोबर होती, पण प्यायला पाणी नाही, म्हणून घास गिळवेना. वाटेत जकात नाक्यावर गाडी थांबली. गाडीवानाने सल्ला दिला की आपण मुसलमान आहोत असं सांगून पाणी मागून बघ. भिवाने तसं केलं, तरी नाकेदाराने पाणी दिलं नाही. पोरं उपाशीतापाशी झोपली. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास गोरेगावला पोचली तेव्हा पोरं दारात बघून बापाला धक्काच बसला. त्यांना पोरं येणार हे माहीतच नव्हतं.

ज्या सुभेदाराने आयुष्यभर सरकारची इमानाने चाकरी केली, त्याच्या पोरांना सरकारी नाक्यावर घोटभर पाणी मिळालं नाही. नऊ-दहा वर्षांच्या भिवाच्या मनावर ही खूण कायमची राहिली. पुढे मोठेपणी त्यांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला.

परळची खोली

१९०४ च्या सुमारास सुभेदारांनी मुंबई गाठली. परळच्या डबक चाळीत एक खोली. गिरणगावचा गलका, घरात माणसं, त्यातच चूल, सरपण आणि झोपायला जागा. भिवाचं नाव एल्फिन्स्टन हायस्कुलात घातलं. अभ्यासाला शांतता मिळावी म्हणून सुभेदार त्याला लवकर झोपवायचे आणि रात्री दोन वाजता उठवायचे. तोवर स्वतः जागे राहायचे. हेडमास्तरकी अंगात मुरलेली, त्यामुळे इंग्रजीचे धडे, तर्खडकरांचं भाषांतर, सगळं घरात घोटून घ्यायचे. पहाटे भजन, संध्याकाळी पोथीवाचन ठरलेलं.

भिवाला पुस्तकांचा नाद. शाळेच्या पुस्तकांवर भागायचं नाही, नवीन पुस्तक पाहिजेच. सुभेदारांच्या खिशात पैसे नसायचे. मग ते लग्न झालेल्या मुलींच्या घरी जायचे आणि पाच-दहा रुपये उसने मागायचे. तिथेही नसले तर तिचा एखादा दागिना मागून घ्यायचे. तो गहाण टाकायचा, पुस्तक आणायचं आणि महिन्याची पेन्शन हातात आली की दागिना सोडवून लेकीला परत. असं एकदा-दोनदा नाही, पुन्हा पुन्हा झालं. घरात खायची ओढाताण असताना पुस्तकासाठी लेकीच्या दारात हात पसरणं सोपं नसतं. सुभेदारांना त्याची लाज वाटली नाही आणि लेकींनीही नाही म्हटलं नाही.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. चाळीतल्या लोकांनी सत्कार केला, सी. के. बोले अध्यक्ष होते आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी बुद्धचरित्र भेट दिलं. त्याआधी १९०६ साली दापोलीजवळच्या वणंदच्या रमाबाईंशी भायखळ्याच्या बाजारात रात्रीच्या वेळी लग्न झालं होतं. केळुसकर गुरुजींच्या खटपटीने बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महिना २५ रुपये स्कॉलरशिप दिली आणि एल्फिन्स्टन कॉलेजातून भीमराव बी.ए. झाले.

शेवटची भेट

जानेवारी १९१३. भीमराव बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला निघाले. सुभेदारांच्या मनातून ते जाऊ नयेत असं होतं. तिथे जातीमुळे पोराचे हाल होतील ही भीती त्यांना होती. पोरगा तरी गेला. पंधरा दिवस होतात न होतात तोच तार आली, वडील फार आजारी.

भीमराव लगेच निघाले. सुरत स्टेशनवर वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि तेवढ्यात गाडी सुटली. दुसऱ्या दिवशी मुंबईला पोचले तेव्हा सुभेदारांचा श्वास जेमतेम चालू होता. डोळे पोरालाच शोधत होते. पोराच्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार गेले. पोरगा घरी आला तो शेवटच्या घटकेला.

त्याच वर्षी भीमराव बडोद्याची स्कॉलरशिप घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. ते बघायला सुभेदार नव्हते.

अर्जाचं पुढे काय झालं?

पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ साली महारांची पलटण उभी राहिली आणि १९२१ साली ती मोडली. मार्च १९२७ मध्ये आपल्या महाडला परिषद भरली आणि चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी प्यालं. त्याच परिषदेतल्या भाषणात त्यांनी दापोली आणि कोकणातल्या पेन्शनर लोकांची आठवण काढली. फौजेमुळे हा भाग एकेकाळी कसा पुढे होता हे सांगितलं आणि भरतीबंदी उठवायची मागणी केली. बापाने ज्या मागणीचा अर्ज केला होता तीच मागणी लेकाने भर सभेत मांडली. अखेर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची स्थापना झाली. ही रेजिमेंट आजही भारतीय सैन्यात आहे.

आपल्या भागात आजही कितीतरी घरांत फौजेची पेन्शन येते. कोणी त्यात घर बांधतो, कोणी गाडी घेतो. त्यात वावगं काही नाही. सुभेदार रामजींनी मात्र त्या पेन्शनीतून आधी गहाण दागिना सोडवला, कारण पुढच्या महिन्यात पोराला पुन्हा पुस्तक लागणार होतं. देशाच्या घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष याच हिशेबातून घडला.