सागवानी आरमाराचा सरखेल

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत सागवान भरपूर, समुद्र मात्र नाही! पण याच सागवानाच्या जहाजांवर एका माणसानं कोकण किनारा राखला. तो म्हणजे कान्होजी आंग्रे.

जन्म १६६९ च्या सुमारास. वडील तुकोजी शिवरायांच्या आरमारात होते. कान्होजी सुवर्णदुर्गावर नावारूपाला आले आणि पुढे मराठी आरमाराचे सरखेल झाले. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीनं ते शाहू महाराजांच्या बाजूला आले.

आता आपल्या इंजिनिअरिंगची गोष्ट. त्यांच्या गुराबांचा तळ उथळ, त्यामुळे त्या खाडीत सहज शिरत. वारा पडला की वल्ह्यांची गलबतं त्यांना ओढून नेत. इंग्रजांची जड जहाजं मात्र जागीच अडकत! कान्होजींचं दस्तक नसलेलं व्यापारी जहाज सरळ पकडलं जाई. इंग्रजांनी त्यांना चाचा ठरवलं, पण १७१७ ला विजयदुर्ग, १७१८ ला खांदेरी आणि १७२१ ला पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाबा, तिन्हीकडे हात हलवत परतले.

४ जुलै १७२९ ला कान्होजी गेले. मग मुलांत भाऊबंदकी माजली. १७५६ मध्ये तर पेशव्यांनीच इंग्रजांना सोबत घेतलं आणि तुळाजी आंग्रेंचं आरमार विजयदुर्गाजवळ जळून खाक झालं. परक्यांना जे जमलं नाही, ते घरच्या भांडणानं केलं.

२०१९ मध्ये नौदलात दाखल झालेल्या पाणबुडीचं नाव ‘खांदेरी’ आहे. ते ऐकलं की सरखेल आठवतात, आणि ती भाऊबंदकीसुद्धा. ग्रुप प्रोजेक्ट करताना दोन्ही लक्षात ठेवू या!