मुसीच्या पुराचा हिशेब मांडणारे विश्वेश्वरय्या

हैदराबाद शहरातून वाहणारी मुसी एरवी इतकी क्षीण असते की तिला नदी म्हणावे का, असा प्रश्न नवख्याला पडावा. २८ सप्टेंबर १९०८ रोजी याच नदीने शहराचा मोठा भाग धुऊन नेला. अफजलगंज भागात पाणी ११ फुटांपर्यंत चढले. तीन पूल वाहून गेले; सोळाव्या शतकातला पुराना पूल तेवढा उभा राहिला. मृतांची संख्या १५ हजारांच्या आसपास मानली जाते. उर्दू कवी अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी त्या पाण्यात गेली; ते एकटे वाचले. आज उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात असलेल्या चिंचेच्या झाडावर चढून सुमारे १५० जणांनी जीव वाचवल्याचे सांगतात.

या प्रलयाचे कारण शोधण्यासाठी निजाम सरकारने ज्यांना पाचारण केले, ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या त्या वेळी मुंबई इलाख्याच्या सेवेतून बाहेर पडून युरोपच्या दौऱ्यावर होते. दरवर्षी १५ सप्टेंबरला, त्यांच्या जन्मदिनी, अभियंता दिन साजरा होतो. त्या दिवशीच्या भाषणांत कृष्णराजसागर येतो, म्हैसूरची दिवाणगिरी येते, शिस्तीच्या आणि वक्तशीरपणाच्या कथा येतात. हैदराबादेतील काही महिन्यांच्या कामाचा उल्लेख झालाच तर एका वाक्यात होतो. वस्तुतः अतिवृष्टी आणि पूर यांच्याकडे दैवी कोप म्हणून न पाहता मोजता येणारी घटना म्हणून पाहण्याचा इतका स्वच्छ नमुना त्या काळात फार आढळत नाही.

चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळीत जन्मलेल्या या मुलाचे पितृछत्र लवकर हरपले. बंगळूरला शिकवण्या करून त्यांनी १८८१ मध्ये बी. ए. केले आणि म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या सायन्स कॉलेजात अभियांत्रिकी शिकण्यास आले. १८८३ च्या परीक्षेत ते पहिले आले आणि पुढच्याच वर्षी सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून नाशिकला रुजू झाले. पुढची सुमारे २४ वर्षे त्यांची कर्मभूमी मुख्यतः मराठी मुलूखच होती. खानदेशात पांझरेच्या खोऱ्यात काम करताना पावसाळी नदीचा स्वभाव त्यांनी जवळून पाहिला. कोल्हापूरच्या पाणीपुरवठ्याच्या तलावाचा मातीचा बांध धोक्यात आला, तेव्हा सल्ल्यासाठी बोलावणे त्यांनाच गेले.

पुण्याजवळच्या खडकवासला धरणावरील त्यांची कामगिरी अधिक परिचित आहे. पावसाळ्यात मुठेचे जादा पाणी सांडव्यावरून वाहून जाई आणि उन्हाळ्यात टंचाई भासे. धरणाची भिंत उंच करावी, तर जुन्या दगडी बांधकामावर भार वाढणार. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दारे बसवली. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेले की ती आपोआप उघडत आणि पातळी उतरली की आपोआप मिटत. रात्री-अपरात्री, कोसळत्या पावसात दारे उचलण्यासाठी माणूस धावत जाण्याची गरज उरली नाही. या रचनेचे एकस्व त्यांच्या नावावर झाले. पण आपण सरकारी नोकर आहोत, या कारणाने त्यांनी स्वामित्वधन घेतले नाही.

१९०९ च्या एप्रिलमध्ये ते हैदराबादेत दाखल झाले. निजामाचे राज्य तेव्हा अफाट होते. मराठवाडा त्यात होता, पैनगंगेच्या दक्षिणेचा आदिलाबादचा मुलूखही होता. तेथील तलमडुगुसारख्या गावांत आजही मराठी कानी पडते. परंतु पुराच्या अभ्यासाला राज्याची सीमा उपयोगाची नसते, नदीचे खोरे लागते. तलमडुगुच्या शिवारातले पाणी गोदावरीकडे जाते, तर मुसीचे कृष्णेकडे. म्हणून विश्वेश्वरय्यांनी लक्ष केंद्रित केले ते शहराच्या वरच्या अंगाला मुसी आणि ईसी या दोन नद्यांना पाणी पुरवणाऱ्या प्रदेशावर.

हातात आलेले आकडे बोलके होते. शमशाबादच्या पर्जन्यमापकात २४ तासांत १२.८ इंच आणि ४८ तासांत १८.९ इंच, म्हणजे सुमारे ४८० मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. मात्र एवढ्याने हिशेब जुळत नव्हता. त्या खोऱ्यात लहानमोठे ७८८ तलाव होते आणि त्यांपैकी २२१ फुटले होते. वरचा तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्या तलावात शिरे आणि तोही फुटे. अशा रीतीने आभाळातून पडणाऱ्या पाण्यात आधीच साठलेल्या पाण्याची भर पडत गेली आणि शहरापाशी नदीचा प्रवाह सेकंदाला सव्वाचार लाख घनफुटांपर्यंत पोहोचला. ज्या तलावांनी पिढ्यानपिढ्या शेती जगवली, त्यांनीच त्या रात्री पुराला बळ दिले.

असा पाऊस पुन्हा पडेल का आणि पडला तर किती, हा खरा प्रश्न होता. हैदराबादच्या स्वतःच्या नोंदी त्यासाठी अपुऱ्या होत्या. म्हणून आसपासच्या प्रांतांतील अतिवृष्टीची आकडेवारी त्यांनी गोळा केली. एका ठिकाणी शंभर वर्षांत न दिसलेला पाऊस शेजारच्या मुलखात नोंदला गेलेला असू शकतो, हा विचार आज जलविज्ञानात रूढ आहे. तेव्हा तो करणे हे दूरदृष्टीचे लक्षण होते.

काठावर भिंती बांधा, हा उपाय कुणालाही सुचला असता. नदीकाठ उंच करणे, तेथे बागा व रस्ते करणे आणि मैलापाण्याची व्यवस्था लावणे, या सूचना त्यांच्याही अहवालात होत्या. मुख्य भर मात्र शहराच्या वर, दोन्ही नद्यांवर जलाशय बांधून पुराचे पाणी तेथेच अडवण्यावर आणि शहराला झेपेल तेवढेच खाली सोडण्यावर होता. १ ऑक्टोबर १९०९ रोजी अहवाल सादर झाला आणि त्या वर्षअखेरीस ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले. पुढे मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत मुसीवर उस्मानसागर (१९२०) आणि ईसीवर हिमायतसागर (१९२७) ही धरणे पूर्ण झाली.

येथे एक पेच आहे आणि तो गोमंतकीय वाचकाला परका वाटू नये. पूर अडवायचा तर धरणात जागा रिकामी ठेवावी लागते. पिण्यासाठी पाणी हवे तर धरण भरलेले लागते. तिळारीचे पाणी सोडले की शापोराकाठच्या गावांना सावधगिरीचा इशारा येतो, त्यामागे हाच पेच असतो. हैदराबादच्या दोन्ही जलाशयांनी शहराची तहान भागवली आणि पुराची आठवण मागे पडत गेली. ऑक्टोबर २०२० मध्ये हिमायतसागरचे दरवाजे उघडावे लागले, तेव्हा मुसीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. मधल्या काळात नदीपात्रातच घरे उभी राहिली होती.

विश्वेश्वरय्यांचे पुढील आयुष्य सर्वश्रुत आहे. १९१२ ते १९१८ ते म्हैसूरचे दिवाण होते. कावेरीवरील कृष्णराजसागर याच काळातला. १९३७ च्या सुमारास गांधीजींच्या सूचनेवरून त्यांनी ओरिसातील पुरांचा प्रश्न अभ्यासला. महानदीच्या मुखाशी बांध घालत बसण्यापेक्षा वरच्या खोऱ्यात साठवण करता येईल का, हे तपासा, असा त्यांचा आग्रह होता. हिराकुड धरणामागे या विचाराचा वाटा आहे. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले.

१२ जुलै १९६१ रोजी पुण्यावर पानशेतचा प्रलय कोसळला. बांधकाम पुरते पूर्ण न झालेले पानशेतचे मातीचे धरण सकाळी फुटले, त्याचा लोंढा खाली खडकवासल्यावर आदळला आणि तेही धरण त्याच दिवशी कोसळले. मुसीच्या खोऱ्यात तलावांच्या साखळीत जे घडले होते, तेच येथे दोन धरणांत घडले. ज्या सांडव्यावर त्यांनी ऐन उमेदीत स्वयंचलित दारे बसवली, ते धरण वाहून गेले तेव्हा विश्वेश्वरय्या शंभरीच्या घरात, बंगळूरला होते. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले. खडकवासला धरण नंतर पुन्हा बांधण्यात आले.