डॉ. कार्ल लँडस्टायनर : रक्तगटाच्या चाचणीमागचा माणूस

जिंतूर किंवा गंगाखेडहून पेशंटला परभणीला आणले, डॉक्टरांनी रक्त लावायचे ठरवले, की नातेवाइकांच्या हातात एक चिठ्ठी आणि नमुन्याची नळी येते. रक्तपेढीत गेल्यावर पिशवी लगेच मिळत नाही. थांबावे लागते. गट माहीत आहे, कार्डावर लिहिलेलाही आहे, मग उशीर कशाला, असे तुम्हाला वाटणे साहजिक आहे. तेवढ्या वेळात आत काय चालते, हे कळायला व्हिएन्नातल्या एका अबोल डॉक्टरची गोष्ट उपयोगी पडेल.

रक्तपेढीच्या टेबलावर एक निळ्या द्रवाची आणि एक पिवळ्या द्रवाची अशा दोन छोट्या बाटल्या असतात. निळ्या बाटलीत 'अँटी-ए' आणि पिवळ्या बाटलीत 'अँटी-बी' ही प्रतिपिंडे म्हणजे अँटिबॉडी असतात. निळीतली अँटिबॉडी रक्तपेशीवरची फक्त 'ए' ही खूण ओळखते, पिवळीतली फक्त 'बी'. खूण सापडली की पेशी एकमेकींना चिकटतात आणि काचपट्टीवर बारीक दाणे दिसू लागतात. पूर्वी या अँटिबॉडी माणसांच्या सीरममधून, म्हणजे रक्तातल्या पातळ पिवळसर भागातून, काढत. आता बहुधा प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींपासून बनवतात. पण मूळ कल्पना लँडस्टायनर यांचीच.

कार्ल लँडस्टायनर यांचा जन्म १४ जून १८६८ चा, व्हिएन्नाचा. म्हणूनच १४ जून हा जागतिक रक्तदाता दिन असतो. वडील वृत्तपत्रसृष्टीतले नावाजलेले गृहस्थ. कार्ल सहा वर्षांचा असताना ते गेले. आईने एकटीने वाढवले, आणि मुलाचा तिच्यावर इतका जीव की तिच्या निधनानंतर तिच्या चेहऱ्याचा साचा त्यांनी आयुष्यभर खोलीच्या भिंतीवर ठेवला. १८९१ साली ते डॉक्टर झाले, पण दवाखाना थाटला नाही. नामवंत रसायनशास्त्रज्ञांकडे जाऊन रसायनशास्त्र शिकले. पुढे शवविच्छेदन विभागात दहा वर्षे काढली आणि साडेतीन हजारांहून जास्त शवविच्छेदने केली. लोकांत मिसळण्याची, भाषणे करण्याची आवड मुळीच नव्हती.

त्या काळी एका माणसाचे रक्त दुसऱ्याला देणे म्हणजे जुगारच होता. एखादा वाचे, एखादा थंडी वाजून, लाल लघवी होऊन दगावे. कारण कुणालाच ठाऊक नव्हते. लँडस्टायनरांनी स्वतःचे आणि प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांचे थोडे थोडे रक्त घेतले, पेशी आणि सीरम वेगळे केले आणि प्रत्येकाचे सीरम प्रत्येकाच्या पेशींशी मिसळून पाहिले. काही जोड्यांत दाणे झाले, काहींत नाही. हे आजारामुळे होत असेल असे इतरांना वाटले असते; पण ही सगळी माणसे धडधाकट होती. यातूनच १९०१ साली त्यांनी तीन गट मांडले, ए, बी आणि तिसरा, ज्याला आज आपण ओ म्हणतो. चौथा एबी गट पुढच्या वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला. रक्त देताना होणाऱ्या मृत्यूंचे कारण यात असू शकते, हेही त्यांनी तेव्हाच लिहून ठेवले. जगाने मात्र लगेच लक्ष दिले नाही.

पोलिओ विषाणूमुळे होतो, हे माकडांवरच्या प्रयोगांतून दाखवण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात अन्न आणि जळणाचीही टंचाई झाली. पन्नाशीतला हा शास्त्रज्ञ बायको आणि लहान मुलाला घेऊन हॉलंडमधल्या हेग शहरी गेला आणि एका छोट्या इस्पितळात लघवी-रक्ताच्या रोजच्या तपासण्या करू लागला. तिथून न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेने त्यांना बोलावून घेतले. १९३० साली नोबेल मिळाले ते रक्तगटांसाठी. त्यांना स्वतःला मात्र दुसरे काम मोठे वाटे: अँटिबॉडी किती नेमकेपणाने एकच रचना ओळखते आणि जराशी वेगळी रचना कशी नाकारते, याचा अभ्यास. मला वाटते, त्यांचे बरोबर होते. आज पेशीतल्या आरएनएला चिकटून राहणारे एखादे प्रथिन हजारो प्रथिनांतून हुडकायचे असले, तरी संशोधक अशीच नेमकी अँटिबॉडी वापरतात.

१९४० साली अलेक्झांडर वीनर यांच्यासोबत त्यांनी आरएच घटक शोधला. तुमच्या गटापुढचे पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ते हेच. जून १९४३ मध्ये प्रयोगशाळेत काम करतानाच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि दोन दिवसांनी, २६ जूनला, ते गेले.

नऊ वर्षांनी त्यांच्या पद्धतीची खरी कसोटी मुंबईत लागली. डॉ. यशवंत भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली 'द लॅन्सेट' या नियतकालिकात एक नवाच प्रकार मांडला. या लोकांच्या पेशी निळ्या बाटलीशी चिकटत नाहीत, पिवळीशीही नाहीत. म्हणजे ओ गटच वाटतो. पण ओ गटाचे रक्त त्यांच्या सीरमशी मिसळले की दाणे होतात! कारण ओ गटाच्या पेशींवरही 'एच' नावाची एक खूण असते. या लोकांत ती नसते आणि तिच्याविरुद्ध अँटिबॉडी असते. हाच बॉम्बे रक्तगट. भारतात तो साधारण दहा हजारांत एकाला असतो असे मानतात.

अशा पेशंटला ओ गटाची पिशवी लावली तर जीव जाऊ शकतो. म्हणून रक्तपेढीत पेशींसोबत सीरमचीही उलटी तपासणी होते आणि शेवटी दात्याचे व पेशंटचे रक्त मिसळून क्रॉसमॅच करतात. तुम्हाला थांबावे लागते ते यासाठी. शिबिरात मिळालेल्या कार्डावर ओ लिहिले आहे, एवढ्यावरून क्रॉसमॅच टाळायचा आग्रह धरू नका. घाईची वेळ असेल तर निर्णय डॉक्टरांवर सोडा.

तुमच्या घरात कुणाचा बॉम्बे गट निघाला, तर त्या व्यक्तीला फक्त बॉम्बे गटाचेच रक्त चालते. नाव रक्तपेढीत नोंदवा, चिठ्ठी कायम जवळ ठेवा आणि सख्ख्या भावंडांचीही तपासणी करा. हा गट आई आणि वडील दोघांकडून आलेल्या जनुकांमुळे होतो, त्यामुळे प्रत्येक भावंडाला तो असण्याची शक्यता चारात एक तरी असते.